लघवीची धार बारीक होणे आणि होमिओपॅथी : किती वाट बघावी?

मोगरी
नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण घरात उघडपणे बोलता येत नाही म्हणून इथे मांडते.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. गेले बरेच दिवस त्यांना लघवीला खूप वेळ लागतोय. आत गेले की नळ सोडून ठेवतात, किती वेळ लागला ते बाहेर कळू नये म्हणून. रात्री तीन-चारदा उठतात. आईने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की धार बारीक झाली आहे, मध्येच थांबते, परत सुरू होते, आणि उठल्यावर वाटतं की अजून राहिलीच आहे. जळजळ नाही, ताप नाही, रक्त नाही.

बाबांचा होमिओपॅथीवर पहिल्यापासून विश्वास. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कोनियम ३० च्या गोळ्या आणि सबाल सेरुलाटाच्या मदर टिंक्चरचे थेंब दिले आहेत. सोनोग्राफीचं नाव काढलं की बाबा विषय बदलतात.

माझे प्रश्न दोन. या औषधांचा कुणाला अनुभव आहे का? आणि गुण येतोय की नाही हे ठरवायला किती थांबायचं? होमिओपॅथी चांगली की वाईट यावर भांडण नको, प्लीज. बाबांचं काय करायचं ते मला कळायला हवं.

सरळसोट
वय झालं की होतंच हे. फार मनावर घेऊ नका.

जुनाखोड
सरळसोट, नाही पटलं. मी स्वतः सत्तरीत आहे. वय झालं की प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढते हे खरं, पण "वय झालं" हे काही निदान नाही. माझ्या ओळखीत तिघांची धार बारीक होती आणि तिघांची कारणं वेगळी निघाली. एकाची प्रोस्टेट वाढली होती. दुसऱ्याची प्रोस्टेट वयाच्या मानाने अगदी ठीक, पण वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा मंदावलेल्या, त्यामुळे ढकलायला जोरच नाही. तिसऱ्याला कंपवाताची सुरुवात होती. तिघांची तक्रार शब्दशः एकच.

मोगरी, बाबा नळ सोडून ठेवतात हे वाचून वाईट वाटलं. आमच्या पिढीला हे बोलायला फार जड जातं. मुलीने विचारलं तर आणखीच. घरातल्या एखाद्या पुरुषाला, जावयाला किंवा त्यांच्या जवळच्या मित्राला बोलू द्या.

ओंजळ
माझ्या सासऱ्यांना होमिओपॅथीने चांगला फरक पडला. चिमाफिला आणि सबाल दोन्ही सुरू होतं. रात्रीचं उठणं कमी झालं, धारही सुधारली असं ते म्हणतात. त्यामुळे बाबांचा विश्वास असेल तर मोडू नका. विश्वासाचाही उपयोग होतो.

समसमान
मी होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्याकडे "धार बारीक" एवढ्यावर औषध ठरत नाही. धार कशी बारीक, कधी, कोणत्या अवस्थेत सुटते, सोबत काय होतं, हे सगळं विचारतो. मोगरीताईंच्या वडिलांची धार थांबते आणि परत सुरू होते, वय जास्त आहे. यावर कोनियम हे ग्रंथांत ठळकपणे दिलेलं औषध आहे, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांची निवड शास्त्राला धरूनच आहे. पाय फाकवून आणि पुढे वाकून उभं राहिल्याशिवाय लघवी होत नसेल तर चिमाफिला अंबेलाटा. अक्षरशः गुडघ्यावर बसून, डोकं जमिनीला टेकवून जोर करावा लागत असेल तर परेरा ब्रावा. धार पुढे न पडता सरळ खाली पडते, मूत्राशय कधीच पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, तिथे हेपार सल्फ. शौचाला जोर केल्याशिवाय लघवी सुटत नाही, तिथे अल्युमिना. सुरू व्हायला वेळ लागतो, त्याआधी पाठ दुखते आणि लघवी झाली की दुखणं थांबतं, तिथे लायकोपोडियम. ऑपरेशननंतर तुंबली असेल किंवा खोकताना थेंब गळत असतील तर कॉस्टिकम. मूत्रमार्ग अरुंद व्हायला लागला असेल तर क्लेमॅटिस.

सबाल सेरुलाटा ही एक ठेंगणी ताडवर्गीय वनस्पती आहे, अमेरिकेच्या आग्नेय भागात उगवते. ते बहुतेक मदर टिंक्चरमध्ये, म्हणजे मूळ अर्काच्या थेंबांच्या रूपात देतात.

आता हे नीट वाचा. माझ्याकडे असा रुग्ण आला की मी आधी सोनोग्राफी, लघवीची तपासणी, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) करून आणायला सांगतो. औषध लक्षणांवर निवडतो, पण मूत्राशयात किती लघवी मागे राहते आहे हे मला लक्षणांवरून कळत नाही. कुणालाच कळत नाही.

गंमतजंमत
डोकं जमिनीला टेकवून? समसमान, ही लघवी आहे की योगासन?

असो, थोडी भर घालतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्राण्यांच्या लघवीचा अभ्यास छापला होता. तीन किलोच्या वरचे सस्तन प्राणी, मग कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंदच घेतात. हत्तीच्या पोटात कितीतरी पट जास्त साठा, पण नळी लांब आणि रुंद, त्यामुळे वेग प्रचंड. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक.

मोगरी
गंमतजंमत, हे बाबांना सांगितलं तर ते नक्की हसतील. त्या निमित्ताने विषय निघाला तर बरंच.

समसमान, खूप आभार. बाबांच्या डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या की नाही तेच मला माहीत नाही. सांगितल्या असतील आणि बाबांनी गिळून टाकलं असेल, असंही होऊ शकतं.

दशांश
भांडण नको असं मोगरी म्हणाल्या, म्हणून फक्त आकडे मांडतो.

३० पोटन्सी म्हणजे शंभरात एक भाग असं पातळ करणं तीस वेळा. मूळ पदार्थाचा एक भाग आणि द्रावणाचे १ वर ६० शून्यं इतके भाग. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये (रसायनशास्त्रातलं मोजमाप) रेणू असतात सुमारे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणजे साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याचीही शक्यता जवळजवळ संपते. कोनियम ३० मध्ये कोनियम नाही. सबालच्या मदर टिंक्चरचं तसं नाही, त्यात वनस्पतीचा अर्क खरोखर असतो. दोन्हींना एकाच तराजूत तोलू नये.

आणि नेमक्या या वनस्पतीची चाचणी झाली आहे. तिच्या फळाचा अर्क, सॉ पाल्मेटो, गोळ्यांच्या रूपात देऊन. २००६ मध्ये एक अभ्यास आला, २२५ पुरुष, वर्षभर. अर्क आणि नकली गोळी यांत फरक नाही. टीका झाली की मात्रा कमी होती. मग २०११ मध्ये दुसरा अभ्यास, ३६९ पुरुष, मात्रा तिपटीपर्यंत वाढवत नेली. तरीही फरक नाही.

त्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ओंजळ यांच्या प्रतिसादाशी संबंधित. नकली गोळी घेणाऱ्यांचा त्रासाचा गुणांक सरासरी १४.७ वरून ११.७ वर आला. म्हणजे काहीही औषध नसताना सुमारे तीन गुणांची सुधारणा. ओंजळ, तुमच्या सासऱ्यांना बरं वाटलं हे मी खोटं म्हणत नाही. बरं वाटलंच असणार. या आजाराची चालच अशी आहे की तो चढतो, उतरतो. माणूस त्रास वाढलेला असतानाच औषधाकडे जातो, आणि पुढे उतार पडला की श्रेय औषधाला मिळतं.

ओंजळ
दशांश, तुमचं म्हणणं समजलं. पण त्यांना रात्री झोप मिळायला लागली, हे माझ्यासाठी आकड्यापेक्षा मोठं आहे.

दशांश
मान्य. माझी काळजी झोपेची नाही. बरं वाटतंय म्हणून मागे साठणारी लघवी कुणी मोजली नाही, ही आहे.

समसमान
दशांश यांनी दिलेले अभ्यास मला माहीत आहेत. आमच्या बाजूने म्हणणं असं की तिथे प्रत्येकाला एकच औषध दिलं, व्यक्तिनिहाय निवड नव्हती. पण हेही मान्य करतो, की व्यक्तिनिहाय निवड करून, नकली गोळीशी तुलना करून, या आजारात ठाम निकाल दाखवणारा मोठा अभ्यास मी तुमच्यासमोर ठेवू शकत नाही.

पाऊलवाट
कोनियम म्हणजे सॉक्रेटिसला दिलेलं विषच ना?

समसमान
हो, तेच. इसवी सनपूर्व ३९९. त्या वर्णनात पायापासून वर वर बधिरपणा चढत जातो. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेलं सूत्र असं, की निरोगी माणसात जो पदार्थ जे लक्षण निर्माण करतो तो सूक्ष्म मात्रेत तेच लक्षण असलेल्या रुग्णाला उपयोगी पडतो. हळूहळू उतरत्या वयात येणारी शक्तिहीनता, थांबत थांबत होणारी लघवी, म्हणून कोनियम. अफूचंही तसंच. अफूने लघवी तुंबते, म्हणून तुंबलेल्या लघवीवर ओपियम.

पांढराडगला
अफूचं आलंच आहे तर तिथूनच सुरू करतो. मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. अफूवर्गीय वेदनाशामकांनी लघवी तुंबते हे आम्ही वॉर्डात नेहमी बघतो, ऑपरेशननंतर तर हमखास. आणि ती एकटीच नाहीत. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधं, क्लोरफेनिरामिन वगैरे, मूत्राशयाचा जोर कमी करतात. नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर देतात ते अमिट्रिप्टिलिनही तेच करतं. ज्याची धार आधीच बारीक आहे अशा माणसाने सर्दीची गोळी घेतली आणि मध्यरात्री पूर्ण तुंबून तो आमच्याकडे आला, हे नेहमीचं आहे. मोगरी, बाबा दुसरं काय काय घेतात ते पहिल्यांदा बघा. दुकानातून परस्पर आणलेलं सुद्धा.

आता मूळ मुद्दा. धार दोन कारणांनी बारीक होते. वाट अडते किंवा ढकलणारा थकतो. वाट अडवणारी सगळ्यात सामान्य गोष्ट म्हणजे वाढलेली प्रोस्टेट. मूत्राशयाच्या लगेच खाली मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते आणि चाळिशीनंतर वाढू लागते. पण किती वाढली यापेक्षा कुठे वाढली याला महत्त्व. ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडात घुसला तर माणूस बेजार होतो, आणि ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन कुणी निवांत फिरत असतो. त्यामुळे रिपोर्टमधला वजनाचा आकडा वाचून घाबरू नका, आणि लहान आकडा वाचून निश्चिंतही होऊ नका. याशिवाय मूत्रमार्गातला व्रण, मूत्राशयाच्या तोंडाचा घट्टपणा, खडा, प्रोस्टेटचा कर्करोग, हीही अडथळ्याची कारणं.

ढकलणारा म्हणजे मूत्राशयाचा स्नायू. मधुमेह, मणक्याचे आजार, पक्षाघात, कंपवात, आणि वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर करून आलेला थकवा. हे शेवटचं कारण फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला मूत्राशय अडथळ्याला पुरून उरतं, त्याच्या भिंती जाड होतात. नंतर कधीतरी ते हार मानतं. त्या टप्प्यावर माणसाला दुखत काहीच नाही. थेंब थेंब गळत राहतं, पोट खाली थोडं फुगलेलं दिसतं, आणि मूत्रपिंडांवर मागून दाब येतो. दुखत नाही म्हणून कुणी येत नाही. मग अडथळा काढला तरी थकलेला स्नायू पूर्वीसारखा होईलच याची खात्री नसते.

म्हणून "किती वाट बघावी" याला माझं उत्तर असं : तपासणी झाल्यावर, मागे लघवी फार राहत नसेल, मूत्रपिंडं ठीक असतील, त्रास सोसण्याजोगा असेल, तर महिनोन्महिने थांबता येतं. आम्ही स्वतःच अशा रुग्णांना औषधाशिवाय नुसतं नजरेखाली ठेवतो. तपासणीआधी मात्र थांबू नये, गोळ्या कोणत्याही असोत.

लघवी पूर्ण बंद होणं, लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं किंवा पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय.

केतकी_बन
सगळे पुरुषांबद्दलच बोलताहेत. बायकांनाही होतं हो हे. माझ्या आईला अंग बाहेर येण्याचा त्रास होता, मूत्राशय खाली घसरलं होतं. तिला लघवी सुरू व्हायलाच वेळ लागायचा, हाताने आत ढकललं की मग व्हायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणीतरी कॅन्थरिस दिलं, जळजळ नसतानाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि एका मिनिटात कारण कळलं. आत बसवायची रिंग दिली, त्यावरच तिचं भागलं. घसरलेल्या मूत्राशयाला गोळी कशी वर उचलणार?

समसमान
केतकी, बरोबर आहे. रचनेतच बदल झाला असेल तिथे गोळीकडून अपेक्षा ठेवू नये. कॅन्थरिस तर जळजळ असल्याशिवाय निवडायचंच नाही.

कातळ
मी ३४ वर्षांचा आहे, प्रोस्टेटचं वय नाही. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी नळी घातली होती, त्यानंतर काही महिन्यांनी धार हळूहळू बारीक होत गेली, दोन फाटे फुटायला लागले. क्लेमॅटिस घेतलं. नंतर युरोफ्लोमेट्री, म्हणजे धारेचा वेग मोजणारी तपासणी, झाली. तिच्याबद्दल लिहितो, कारण मोगरीच्या बाबांना भीती त्याचीच असेल.

काहीही टोचत नाहीत, काहीही घालत नाहीत. पोटभर पाणी पिऊन, चांगली लागली की सांगायचं. एका बंद खोलीत एक मोठं नरसाळं असतं, खाली वजनकाट्यासारखं यंत्र. आपण एकटेच आत. नेहमीसारखी लघवी करायची आणि बाहेर यायचं. यंत्र आलेख काढतं. निरोगी माणसाचा आलेख घंटेसारखा वर जाऊन खाली येतो. माझा आलेख थोडा वर चढला आणि मग बराच वेळ सपाट, आडवा, पेटी काढल्यासारखा. तंत्रज्ञाने बघितलं आणि म्हणाला, हा व्रणाचा आलेख दिसतोय. पुढे रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला त्यात मूत्रमार्ग एका जागी सुतासारखा बारीक दिसला.

मोगरी
कातळ, हे फार कामाचं लिहिलंत. बाबांना वाटतंय की तपासणी म्हणजे नळी घालणार. हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवते. पुढे तुमचं काय झालं?

कातळ
शस्त्रक्रिया करून घेतली. आता आलेख घंटेसारखा येतो.

मुखदुर्बळ
मला वेगळाच त्रास आहे. घरी धार ठणठणीत. शेजारी कुणी उभं असलं की एक थेंब येत नाही. तपासणीत त्या खोलीबाहेर लोक बसलेत हे कळलं तर माझा आलेख सरळ रेषच येईल. यावर होमिओपॅथीत काही आहे?

समसमान
नेट्रम म्यूर. "इतरांच्या उपस्थितीत लघवी सुटायला फार वेळ लागतो" असं लक्षणच दिलेलं आहे.

पांढराडगला
मुखदुर्बळ, याला लाजाळू मूत्राशय म्हणतात, अनेकांना असतं, आणि तो मूत्राशयाचा आजार नाही. समुपदेशनात टप्प्याटप्प्याने सवय करण्याची पद्धत वापरतात, तिचा उपयोग होतो. तपासणीच्या वेळी तंत्रज्ञाला आधी सांगा. घाई नसलेली वेळ देतात, हवं तर दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. एका आलेखावर निदान कुणी करत नाही.

जुनाखोड
डॉक्टर, आलेखातल्या आकड्याचं जरा सांगा. मला ११ आला होता, चांगला की वाईट?

पांढराडगला
काका, तो सर्वाधिक वेग, मिलिलिटर दर सेकंदाला. १५ च्या वर असेल तर सहसा चिंता नसते. १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच. मधला पट्टा संदिग्ध. पण दोन अटी. एकूण लघवी किमान १५० मिली तरी झाली पाहिजे, नाहीतर आकडा विश्वासार्ह नाही. आणि वेग कमी आला म्हणून अडथळाच आहे असं नाही, थकलेल्या मूत्राशयाचाही वेग कमीच येतो. दोन्हींतला फरक करायचा तर दाब मोजणारी वेगळी तपासणी लागते. ती सगळ्यांना करत नाहीत.

दशांश
घरी करण्यासारखं एक सांगतो. मापाचं भांडं आणि घड्याळ घ्या. किती मिली झाली भागिले किती सेकंद लागले, यातून सरासरी वेग कळतो. तो यंत्राच्या सर्वाधिक वेगापेक्षा कमीच येणार, तेव्हा वरच्या आकड्यांशी ताडू नका. पण गोळ्या सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा ताडता येतो. तीन दिवस किती वेळा गेलो, किती झाली, रात्री किती वेळा उठलो, याची वहीही ठेवा. आणि सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. मी वर जो १४.७ लिहिला तो अशाच प्रश्नावलीचा. मोगरी, "गुण येतोय का" हे ठरवायला याहून साधं साधन नाही.

ओंजळ
सासऱ्यांची सोनोग्राफी करून घेतली, या धाग्यामुळेच. मागे ४० मिली राहतेय. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. त्यांचे थेंब सुरूच आहेत आणि मी ते बंद करायला सांगणार नाही.

दशांश
कशाला सांगायचे? उत्तम झालं.

पाऊलवाट
बसून लघवी केली तर फरक पडतो असं ऐकलंय. खरं का?

पांढराडगला
ज्यांना त्रास आहे त्यांना थोडा पडतो. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं होतं. त्रास असलेल्या पुरुषांमध्ये बसून केल्यावर मागे राहणारी लघवी सरासरी २५ मिलीने कमी होती. निरोगी पुरुषांत फरक नाही. फुकटचा उपाय आहे, करून बघायला हरकत नाही. एकदा झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करणं, झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी कमी करणं, चहा-कॉफी-मद्य आवरणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, यानेही बराच फरक पडतो. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला दाबतं. शेवटी थेंब गळून कपडे ओले होत असतील तर वृषणांच्या मागच्या बाजूने बोटाने हलका दाब देत पुढे आणायचं.

सरळसोट
मी वर एका ओळीत उडवून लावलं होतं, पण धागा वाचत गेलो. वडिलांना घेऊन जातोय या आठवड्यात.

मोगरी
अपडेट द्यायला आले.

हत्तीच्या २१ सेकंदांनी काम केलं. बाबा हसले, मग म्हणाले मला तर हत्तीच्या दसपट लागतात. तिथून बोलणं सुरू झालं. कातळ यांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला नाही, मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, चल.

वेग ९ आला. प्रोस्टेट ४६ ग्रॅम, मागे राहिलेली ११० मिली. क्रिएटिनिन, साखर, लघवी सगळं व्यवस्थित. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वयाला धरून. बोटाने तपासणीत गाठ वगैरे लागली नाही. प्रश्नावलीत १८. आणि पांढराडगला म्हणाले तेच निघालं : रात्री नाक चोंदतं म्हणून बाबा कधीपासून सर्दीची गोळी घेत होते, जिच्यात स्यूडोएफेड्रिन आणि क्लोरफेनिरामिन दोन्ही आहेत. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही नाही. "ते सर्दीचं होतं, लघवीचं विचारलं होतं" असं बाबांचं म्हणणं.

तज्ज्ञांनी ती गोळी बंद केली आणि टॅम्सुलोसिन, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारं औषध, सुरू केलं. नाकासाठी वेगळी फवारणी दिली. बाबांनी विचारलं, माझे थेंब घेऊ का? ते म्हणाले, घ्या, पण तुमच्या त्या डॉक्टरांना हे सगळे रिपोर्ट दाखवा आणि तीन महिन्यांनी माझ्याकडे पुन्हा मोजायला या. दाखवले. त्यांनीही तेच सांगितलं, की मोजणी चुकवू नका.

समसमान
हे वाचून फार बरं वाटलं. "दुसरं काय घेता" हा प्रश्न आम्ही सगळेच पुरेसा खोदून विचारत नाही. पिशवीच घेऊन या म्हणायला हवं, घरातल्या सगळ्या औषधांची.

पांढराडगला
उत्तम. टॅम्सुलोसिनबद्दल दोन सूचना. सुरुवातीला पटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायला सांगा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध घेतो असं आधी सांगायचं. याने बुबुळाचा पडदा शिथिल होतो आणि ऑपरेशनमध्ये अडचण येते. २००५ पासून हे माहीत झालं आहे. आधी घेत होतो, आता बंद केलं, असं असलं तरीही सांगायचं.

जुनाखोड
मला फिनास्टेराइड दिलंय, प्रोस्टेट आकसवणारं औषध. सहा महिने झाले, पीएसए निम्म्यावर आला. म्हणजे धोका टळला ना?

पांढराडगला
काका, तो औषधाचाच परिणाम आहे. फिनास्टेराइडने पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणून आम्ही आलेला आकडा दुप्पट धरून वाचतो. निम्म्यावर आल्यानंतर तो पुन्हा चढायला लागला तर मात्र, आकडा लहान दिसत असला तरी, लगेच दाखवायचं. रिपोर्ट दुसऱ्या कुणाला दाखवताना हे औषध घेतो हे आवर्जून सांगा.

मोगरी
डॉक्टर, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन खरंच ठरलंय, पुढच्या महिन्यात. उद्याच फोन करते.